बीं खावें कीं राखावें?

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही सास्तूर येथें गेलों असतां साठी उलटून गेलेल्या एका शेतकरी बंधूंनीं आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याचें उत्तर आम्हीं तेथें दिलें नाहीं, कारण तें आम्हांजवळ नव्हतें. पुढें पुष्कळ दिवस तो प्रश्न मनांत घोळत राहिला. आणि आमच्या वाचकांपैकीं बहुतेक मंडळी शेतीवर पोट भरणारी असल्यामुळें तो त्यांच्यापुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

प्रश्न निघाला तो एका दृष्टान्तावरून. आदल्या रात्रीं उपासनेनंतर जी सभा झाली तींत कोंकणाकडून आलेल्या एका उपदेशकांनीं तिकडील भेरली माडाची गोष्ट सांगितली. हा माड वर्षानुवर्षें आपल्या खोडांत सत्त्व सांठवीत जातो. आयुष्याच्या अखेरीस फुलोऱ्यास येतो. सांठविलेलें सर्व फुलांस व फळांस देऊन टाकतो. आणि मग उभ्याउभ्याच वाळून जातो. पुढच्या पिढीसाठीं आपणही असेंच रितें व्हावें, असा बोध त्यांनीं काढला. मंडळीस तो आवडला. आमच्या ह्या बंधूंस मात्र रात्रभर झोंप आली नाहीं. सकाळीं ते आम्ही उतरलों होतों त्या घरीं आले, ओट्यावर बसले, आणि बऱ्याच वेळानें म्हणाले, "मास्तर, त्या झाडाच्या हिशेबानं माझी आई बरोबर होती म्हणायची. मग माझ्या बहिणीचं काय?"

हकीकत अशी. १९७२ सालची गोष्ट. त्याच्या आधींही पावसानें दगा दिला होता, आणि त्या वर्षीं तर पावसाळा बहुतेक कोरडाच गेला. आमचे हे बंधु तेव्हां दहा वर्षांचे होते. वडील वारलेले, घरीं आई, हे, एक धाकटा भाऊ, व चार वर्षांची बहीण. आई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई. त्या काळीं सबंध महाराष्ट्रांत अशीं कामें निघालीं होतीं, आणि १९७३ च्या मे महिन्यांत त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसें राबत होतीं. मजुरी आठवड्यानें मिळे, कधीं त्याहून उशिरां. खावयास परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, आणि लेंकरांस सुकडी. घरांत माळ्यावर एक मडकें होतें. त्यांत चार पायल्या शाळूचें बियाणें, राख व कडुनिंबाचा पाला घालून, तोंड शेणमातीनें लिंपून ठेविलेलें. तें तेथें आहे हें तिन्ही मुलांस ठाऊक होतें. शेजारच्या घरींही असेंच एक मडकें होतें. शेजारणीनें चैत्रांत तें फोडलें, दळलें, आणि आपल्या मुलांस भाकरी करून घातली. आमच्या बंधूंच्या आईनें आपलें फोडलें नाहीं. वैशाखांत गांवांत गोवर आला. शेजारचीं मुलें अंथरुणावरून उठलीं. ह्यांची बहीण उठली नाहीं.

शेवटल्या दिवसांत त्या मुलीनें भाकरी मागितली होती काय, हें आम्हीं विचारलें नाहीं. त्यांनींही सांगितलें नाहीं.

आईस विचारावें तर ती आतां नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटें, गणपतीविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशीं, किल्लारीच्या भूकंपानें ज्या गांवांची माती केली त्यांत सास्तूर होतें. दगडमातीच्या जाड भिंतींखालीं हजारों माणसें झोंपेंतच गेलीं, त्यांत तीही गेली. दुष्काळानंतर वीस वर्षें मायलेंकांनीं एका छपराखालीं काढलीं, परंतु त्या मडक्याविषयीं त्यांच्यांत एकदांही बोलणें झालें नाहीं.

प्रथम झाडाविषयीं बोलूं. कारण ज्या झाडावरून दृष्टान्त देतात तें झाड दृष्टान्तापेक्षां मोठें असतें, आणि पुष्कळदां निराळेंही असतें.

भेरली माड आपल्या कोरड्या मुलखांत आढळत नाहीं. तो कोंकणांत, गोव्यांत व सह्याद्रीच्या ओलसर उतारांवर वाढतो. नारळाच्या किंवा शिंदीच्या झांवळीहून त्याची झांवळी अगदीं वेगळी असते. पानाचा प्रत्येक तुकडा माशाच्या शेपटीसारखा कातरलेला दिसतो. खोड एकच. बुडाशीं धुमारा नाहीं, बाजूस फांदी नाहीं. दहा, पंधरा, कधीं त्याहूनही अधिक वर्षें तें झाड नुसतें वाढतें, आणि खोडाच्या गाभ्यांत पीठ सांठवितें. मग एके वर्षीं शेंड्याजवळ पहिला तुरा निघतो, आणि घोड्याच्या शेपटाप्रमाणें लांबच लांब खालीं लोंबूं लागतो. नवलाची गोष्ट अशी कीं पुढचे तुरे त्याच्यावर न निघतां त्याच्याखालीं, एकाखालीं एक असे निघत येतात. झाड वाढतें खालून वर, आणि फुलतें वरून खालीं. फुलें तिघांतिघांच्या जुडग्यानें असतात, मध्यें एक मादीफूल व दोन बाजूंस दोन नरफुलें. नरफुलें आधीं उमलून गळून जातात, मादीफूल मागाहून उमलतें. अशीं कांहीं वर्षें चालतात. सर्वांत खालच्या घडाचीं फळें पिकलीं कीं झाड मरतें, आणि मुळांतून पुन्हां फुटत नाहीं. फळ तांबडें व दिसावयास सुरेख, परंतु त्याच्या गरांत सुयांसारखे बारीक स्फटिक असल्यामुळें हात लावणाऱ्यास खाज सुटते व आग होते. शास्त्रज्ञांनीं त्याच्या नांवांत 'युरेन्स' हा लॅटिन शब्द घातला आहे. त्याचा अर्थ जाळणारा. तरीही उदमांजर व धनेश पक्षी तीं फळें आवडीनें खातात, आणि बीं दूर नेऊन टाकतात.

म्हणजे आमच्या उपदेशकांनीं सांगितलें तें खोटें नव्हतें. परंतु तें अर्धें होतें. ह्या माडाच्या पोटांतील पीठ मनुष्यानेंही खाल्लें आहे. कलकत्त्याच्या सरकारी बागेचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग ह्यांनीं दोनशें वर्षांमागें लिहून ठेविलें आहे कीं ज्या भागांत हीं झाडें होतीं तेथील लोक त्यांच्या गाभ्याची भाकर व पेज करून खात, आणि त्या सुमारास पडलेल्या दुष्काळांत, झाडें पुरलीं तोंवर, त्या लोकांस फारशी झळ लागली नाहीं. 'झाडें पुरलीं तोंवर' हे शब्द वाचून आम्ही थांबलों. फुलोरा येण्याआधीं एकच खोडाचें झाड तोडलें म्हणजे त्याचें पीठही गेलें व बींही गेलें. त्या वर्षीं पोट भरलें. त्या जागीं पुढें काय उगवलें असेल, ह्याचा विचार दुष्काळांत कोण करितो?

आतां दुसरें झाड पाहा. आजाऱ्यास आपण साबुदाण्याची पेज देतों. त्या साबुदाण्याचें नांव ज्यावरून आलें तें सागूचें झाड पूर्वेकडे मोलुक्का बेटांत व न्यू गिनींत गोड्या पाण्याच्या दलदलींत होतें. (आपल्या दुकानांत मिळतो तो साबुदाणा ह्या झाडाचा नव्हे, हें जातां जातां सांगून ठेवितों. पूर्वीं तो मलाया व सिंगापूर इकडून येई. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ सालीं तो मुलूख जपानच्या हातीं गेल्यावर माल बंद पडला, आणि १९४३ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत सेलम येथें टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करूं लागले. आजही तो तेथूनच येतो. नांव माडाचें राहिलें, पीठ कंदाचें झालें.) सागूची रीतही भेरली माडासारखीच, तेंही खोड जन्मांत एकदांच फुलतें. दहापंधरा वर्षें तें आपल्या गाभ्यांत पीठ भरीत जातें. मग शेंड्यावर सांबराच्या शिंगांसारखा फांद्याफांद्यांचा प्रचंड फुलोरा उभा राहतो, आणि खोडांतील पीठ वर चढूं लागतें. फळें पिकावयास सुमारें दोन वर्षें लागतात. फळाच्या अंगावर खवल्या मांजराच्या पाठीसारखे चकचकीत खवले असतात. फळें पिकून पडेपर्यंत खोड आंतून रितें झालेलें असतें.

हें तेथील लोकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून ते झाडावर नजर ठेवितात, आणि फुलोरा बाहेर पडण्याच्या बेतांत आला कीं झाड तोडतात. त्या वेळीं गाभ्यांत पीठ अगदीं भरून असतें. एका खोडांतून साधारणपणें १५० ते ३०० किलो कोरडें पीठ निघतें. आल्फ्रेड रसेल वॉलेस नांवाचे इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ त्या बेटांत फिरले होते. १८६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं हिशेब केला आहे कीं एका चांगल्या झाडावर एका मनुष्याचें वर्षभराचें पोट भरतें, आणि त्याला श्रम काय ते दहा दिवसांचे लागतात. एवढें स्वस्त अन्न त्या लोकांच्या हिताचें नाहीं, असाही अभिप्राय त्यांनीं दिला आहे. ज्यांनीं खडी फोडून भाकरी मिळविली त्यांच्या ओट्यावर बसून हा अभिप्राय आम्हांस कांहीं पटला नाहीं. पण तें असो.

तर मग, बीजासाठीं सांठविलेलें पीठ फुलण्याआधींच काढून खाणारे हे लोक अन्याय करितात काय? आमच्या उपदेशकांच्या बोधाप्रमाणें पाहिलें तर करितात. त्यांनीं माडास त्याचें दान करूंच दिलें नाहीं. परंतु सागूच्या बुडाशीं पाहावें. तेथें धुमारे फुटलेले असतात. मोठें खोड पाडलें म्हणजे त्या धुमाऱ्यांस उजेड मिळतो, ते वाढतात, आणि कांहीं वर्षांनीं त्यांतला एक तोडावयास येतो. तेथील लोक नवी लागवडही बहुधा ह्या धुमाऱ्यांचीच करितात. खोड गेलें तरी बेट राहतें. आपल्याकडे केळीचें असेंच आहे. केळ एकदांच वितें. घड उतरल्यावर आपण तें खोड कापतों, आणि कोणास पाप लागलें असें म्हणत नाहीं, कारण बाजूस पिलें उभीं असतात. बांधावरच्या घायपाताचीही तीच गोष्ट. पुष्कळ वर्षांनीं त्याचा दांडा निघतो, आणि दांडा निघालेलें घायपात मरतें. पण बुडाशीं पिलें असतात, आणि दांड्यावरही लहान लहान रोपें धरून तीं खालीं गळतात.

ह्यावरून आम्हांस एवढें दिसूं लागलें कीं 'खावें कीं राखावें' हा प्रश्न मडक्याकडे पाहून सुटणारा नाहीं. मडक्याच्या बुडाशीं काय आहे तें पाहिलें पाहिजे. खाल्ल्यावर मागें धुमारा राहत असेल तर खाणें पाप नव्हे, आणि भुकेल्या लेंकरापुढें राखणें हें पुण्यही नव्हे. मागें कांहींच राहत नसेल तर मात्र गोष्ट कठीण आहे.

त्या आईच्या मागें काय होतें? सावकार होता. पेरणीच्या वेळीं ज्याच्या घरीं बीं नाहीं त्यास तें दिढीनें आणावें लागे; एक पायली घेतली तर सुगींत दीड पायली परत. पीक बुडालें तर त्या दिढीवर पुन्हां दिढी, आणि कांहीं वर्षांनीं जमीन कागदावर दुसऱ्याची. विधवा बाईची तीन एकर जमीन अशी जावयास किती वेळ लागतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. सरकारनें वांटलेली मिलो पेरतां येईल म्हणावें, तर तेंही नव्हे. आपली शाळू हस्तचित्राच्या ओलीवर काळ्या रानांत टाकावी, पुढें एक थेंब पडला नाहीं तरी थंडींत दंवावर व जमिनीच्या पोटांतल्या ओलीवर ती कणसास येते. हा गुण तिच्यांत पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून उतरला आहे. बाहेरचें धान्य त्या दिवसांचें पोट भरील. आपल्या रानांत उभें राहीलच असें नाहीं. त्या चार पायल्यांत घरांतली पुढची सर्व वर्षें होतीं. हें त्या बाईस आमच्याहून चांगलें ठाऊक होतें.

येथें कोणी म्हणेल कीं मग तिनें केलें तें योग्यच केलें, व तो दृष्टान्तही योग्यच होता. आम्हांस तसें म्हणवत नाहीं, आणि त्याचें कारण सांगतों.

झाड त्याग करीत नाहीं. हें आम्ही आमच्या उपदेशक बंधूंस प्रेमानें सांगूं इच्छितों, कारण झाडांवरून व पांखरांवरून धडे काढण्याची संवय आम्हां सर्वांसच आहे. भेरली माडापुढें दोन वाटा नसतात. तो एका वाटेनें जातो, कारण दुसरी वाट त्यास नाहीं. ज्वारीचें ताट चारपांच महिन्यांत जें करितें तेंच तो माड वीस वर्षांत करितो. ताटाला आपण कधीं त्यागी म्हणत नाहीं, माडाला म्हणतों, तें केवळ त्यास अधिक वर्षें लागतात म्हणून. आणखी एक गोष्ट. माड देतो तें आपल्या खोडांतलें देतो. दुसऱ्या झाडाचें पीठ काढून तो आपल्या बीजास देत नाहीं.

मनुष्याचें तसें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ च्या सप्टेंबरांत, जर्मन सैन्यानें रशियांतील लेनिनग्राड शहरास वेढा घातला, आणि १९४४ च्या जानेवारीपर्यंत तो उठला नाहीं. त्या शहरांत एक संस्था होती. निकोलाय वाविलोव्ह ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं देशोदेशीं हिंडून जमविलेलें गहूं, भात, मका, भुईमूग, बटाटे इत्यादिकांचें बियाणें तेथें ठेविलेलें होतें. पहिल्याच हिंवाळ्यांत शहरांत माणसें भुकेनें मरूं लागलीं. संस्थेंतील माणसें धान्याच्या पेट्यांमध्यें बसलेलीं होतीं, आणि त्यांच्यापैकीं कित्येक भुकेनें मेले; तांदुळाचा सांठा ज्यांच्या ताब्यांत होता ते मेले, भुईमुगाचा ज्यांच्या ताब्यांत होता तेही मेले. बियाणें त्यांनीं खाल्लें नाहीं. स्वतः वाविलोव्ह त्या वेळीं आपल्याच सरकारच्या तुरुंगांत होते, आणि १९४३ च्या जानेवारींत साराटोव्हच्या तुरुंगांत तेही उपासमारीनें खंगून मेले. ही हकीकत वाचून ज्याची मान खालीं होणार नाहीं असा मनुष्य आम्हीं पाहिला नाहीं.

परंतु त्या शास्त्रज्ञांनीं राखलें तें स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन राखलें. मरावयाचें कोणीं, हें त्यांनीं आपल्यापुरतें ठरविलें. चार वर्षांच्या मुलीस कोणीं विचारलें होतें? आई स्वतः जेवीत नसे, हें आमचे बंधु पुन्हां पुन्हां सांगत होते. ताटांतली मिलोची भाकरी ती मुलांकडे सारीत असे. आपला वांटा द्यावयाचा तितका तिनें दिला. मडक्याचें तोंड न फोडण्यांत मात्र तिनें लहान मुलीचाही वांटा दिला, आणि तो देण्याचा अधिकार कोणाचा, हें आम्हांस अजूनही सांगतां येत नाहीं. चार पायल्या ज्वारीनें गोवर टळला असता असेंही कोणी सांगूं शकणार नाहीं. अंगांत बळ असतें तर मूल उठलें असतें, कदाचित्‌ नसतेंही उठलें. त्या 'कदाचित्‌'ला धरूनच ती बाई वीस वर्षें त्या घरांत वावरली.

आणि शेजारीण? गांवानें तिला नांवें ठेविलीं. 'बीं खाल्लेली' असें तिच्या पाठीमागें म्हणत. आमच्या बंधूंस हें चांगलें आठवतें. लहानपणीं त्यांनाही तें म्हणावयास बरें वाटे, कारण त्यांच्या घरीं बीं होतें. पण तिचीं मुलें जगलीं, आणि जगलेल्या मुलांच्या आईस नांवें ठेवणाऱ्या गांवानें त्या चैत्रांत तिच्या दारीं एक ओंजळ पीठ आणून टाकलें नव्हतें. तिनें आपल्या लेंकरांकडे पाहिलें. दुसरीनें आपल्या रानाकडे पाहिलें. दोघींच्या मध्यें एक भिंत होती, आणि त्या भिंतीच्या दोन बाजूंस दोन मडकीं होतीं.

आम्हांस ह्या सर्व प्रकरणांत खटकतें तें ह्या जागीं. दोन घरें शेजारीं शेजारीं असून प्रत्येक घर भेरली माडाप्रमाणें एकाच खोडावर उभें होतें. दोन मडकीं मिळून एक सांठा धरला असता, तर एक दोन्ही घरांनीं खावें व एक दोन्ही घरांसाठीं राखावें, एवढा साधा हिशेब होता. मग कोणाचेंही लेंकरूं तराजूंत घालावें लागलें नसतें. हें त्या दोघींस सुचलें नाहीं म्हणून आम्ही त्यांस दोष देत नाहीं. उपाशी माणसाचें मन आपल्या उंबऱ्यापुरतें आंखडतें. परंतु गांवांत वडीलधारी मंडळी होती, दोन वेळां जेवणारीं घरें होतीं, आणि सभा भरविणारी आमच्यासारखी माणसेंही होतीं. त्यांच्यापैकीं कोणीं उन्हाळ्याच्या आरंभीं घरोघर जाऊन कोणाकडे किती बीं आहे, कोणाकडे किती तोंडें आहेत, हें विचारलें नाहीं. बीं खाणारीवर बोट ठेविलें, राखणारीची वाहवा केली, आणि दोघींसही एकटें सोडलें. आईची परीक्षा पाहणारी ती वेळ आणिली कोणीं, हा प्रश्न आम्ही सोडून देतों, आणि तिनें उत्तर बरोबर दिलें कीं चूक एवढेंच पाहत बसतों.

अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे ह्यांचें नांव आतां पुष्कळांस ठाऊक झालें आहे. शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनीं आपल्या भागांतलें गांवरान बियाणें जमविलें, घरीं राखलें, आणि शेतकऱ्यांस दिलें. २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचें बियाणें एकाच घराच्या माळ्यावर अडकून पडलेलें नाहीं, तें अनेकांच्या रानांत उभें आहे. एका घरीं बुडालें तर दुसऱ्या घरीं सांपडेल. हें बेट झालें, आणि बेटांतलें एखादें खोड तोडून खाल्लें तरी चालतें.

आजचे तरुण वाचक म्हणतील कीं मडक्यांत बीं ठेवण्याचे दिवस गेले, आतां बियाणें पिशवींतून येतें. खरें आहे. पण बीं खाण्याची वेळ गेलेली नाहीं. आईच्या आजारपणासाठीं एक एकर विकावें कीं नाहीं. उंसतोडीस जातांना शाळेंतल्या मुलीस बरोबर न्यावें, म्हणजे धाकट्यास सांभाळील व कोयत्यामागें मोळी बांधील, कीं तिला गांवांत ठेवून हंगामाची तेवढी मजुरी कमी घ्यावी. हे आमच्याच मंडळींतले प्रश्न आहेत, आणि दिवाळीच्या आगेमागें ते घरोघर उभे राहतात. त्या वेळीं आपण बहुधा त्या कुटुंबाच्या शहाणपणाविषयीं बोलतों. हंगाम संपेपर्यंत ती मुलगी कोणाच्या घरीं जेवील, हें विचारणारा क्वचित्‌ भेटतो. आमच्या उपदेशक बंधूंनीं पुढच्या खेपेस सास्तूरकडे जातांना माडाचा दृष्टान्त अवश्य सांगावा, पण त्याआधीं हें एक विचारून घ्यावें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. निघतांना आम्हीं त्या बंधूंस विचारलें, "पुढच्या वर्षीं पाऊस पडला, तेव्हां शेजारणीच्या रानांत काय पेरलं?" त्यांनीं आमच्याकडे असें पाहिलें कीं जणूं हें इतक्या वर्षांत त्यांस कोणीं विचारलेंच नव्हतें.

"शाळूच," ते म्हणाले. "आईनं मडकं फोडलं, चार पायल्या मोजल्या, आणि त्यांतल्या दोन तिच्या पदरांत घातल्या."

"दिढीनं?"

त्यांनीं मान हलविली. मग थोड्या वेळानें आपण होऊनच म्हणाले, "आमचं अर्धं रान त्या साली पडीक राहिलं."